सतरंजीखालची वायर

"ती वायर आधी उचल," तात्या दारातूनच म्हणाले. एका हातात मोगऱ्याची पुडी, दुसऱ्यात केळ्यांचा घड आणि कपाळावर घामाच्या धारा. "चार वाजता पाव्हणे येत्यात आणि हॉलमध्ये वायरी लोळत्यात. शोभतंय का?"

मी फरशीवर गुडघे टेकून बसले होते. सोफ्याशेजारच्या शोकेसवर नेटची डबी ठेवलेली होती. तिच्यातून निघालेली निळी केबल मी भिंतीच्या कडेनं नेत, हॉल ओलांडून, बोळातून मागच्या खोलीपर्यंत पोचवत होते. त्या खोलीत माझी धाकटी बहीण चंदना कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायला बसणार होती. तीही चारलाच.

"उचलता येणार नाही, तात्या. चंदाची शेवटची फेरी आहे."

"मग ते वाय-फाय कशाला घेतलंय? नेटवाला काय म्हणाला होता? वायरीची भानगड न्हाई, घरात कुठंबी बसा. म्हणाला होता का न्हाई?"

"म्हणाला होता. त्याच्या घरात लोखंडी कपाट नसेल."

आमच्या घरात होतं. आईच्या लग्नातलं, दोन माणसांना न हलणारं, नेमकं मागच्या खोलीच्या भिंतीला टेकलेलं. त्यात मध्ये जाड खांब आणि वर पाण्याची टाकी. डबीतून निघालेलं वाय-फाय तिथपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जीव जायचा. सिनेमा बघायला चालायचं, अडकला तर अडकला. डावाला चालत नव्हतं. आदल्या रविवारी चंदा जिंकत आलेला डाव घालवून बसली होती, कारण ऐन वेळी नेट गेलं, ते परत आलं तेव्हा घड्याळ संपलेलं. पंचांचा नियम सरळ होता. नेट तुमचं, जबाबदारी तुमची. त्या रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून येताना स्टेशन रोडवरच्या दुकानातून ही केबल घेऊन आले.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं ते. सगळ्या स्पर्धा पटावरून पडद्यावर आलेल्या. पंधरा वर्षांची चंदा त्या वर्षी सोळा वर्षांखालच्या गटात शेवटचीच खेळत होती. या स्पर्धेतले पहिले चार राज्याच्या संघात जाणार होते आणि शेवटच्या फेरीआधी ती चौथ्या नंबरावर, अगदी कडेला उभी होती. डाव जिंकला तर संघात, नाहीतर घरी. आमच्या सांगलीत बुद्धिबळ म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, पण आमच्या घरात तात्यांनाही ते कधी कळलं नव्हतं.

तात्यांना वेगळी काळजी होती. मी अठ्ठावीसची झाले होते. जयसिंगपूरचे चौगुले मला बघायला येणार होते. सुताचा कारखाना, स्वतःचं घर, एकुलता मुलगा अभिनंदन. आमचे तात्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. असलं स्थळ चालून आलेलं म्हटल्यावर त्यांनी वेळेबद्दल तोंड उघडलं नाही. मी सांगून बघितलं होतं, सातला बोलवा, चंदाचा डाव संपू दे. पण चौगुले कडक नेमाचे. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. आम्ही जैनच, आमच्याकडेही आई दिवे लागल्यावर काही खात नाही. पण पाहुण्यांना जेवायला घालायचं तर उजेडात, आणि उजेडात जेवायचं तर चार वाजता यायला हवं. त्यामुळे एकाच घरात एकाच वेळी दोन परीक्षा.

"भिंतीला भोक पाडून आतनं घेतली असती तर दिसली तरी नसती," मी म्हणाले.

"भोक पाडतीया! परवा डिस्टेंपर मारलाय."

"मग सतरंजी टाकते वरून. कुणाला दिसणार नाही."

तात्यांनी सतरंजीकडं बघितलं, वायरीकडं बघितलं आणि हातातला घड माझ्यापुढं धरला. "कुणाच्या पायात आली तर बघ," एवढं बोलून ते आंघोळीला गेले. हे त्यांचं 'हो' म्हणणं. ते कधी सरळ 'हो' म्हणत नसत आणि सरळ 'नाही' म्हणायला तर त्यांना येतच नव्हतं. पेढीवर शेट म्हणाला 'बस' की बसायचं, 'उठ' की उठायचं, असं आयुष्य काढलेला माणूस.

मी सतरंजी पसरली, वर पाऊल देऊन बघितलं. थोडा उंचवटा लागत होता.

मागच्या खोलीत चंदा आधीच बसली होती. शेजारच्या स्टुलावर तिचा मोबाइल लावलेला, तो तिचं आणि सगळ्या खोलीचं चित्रण करणार होता. लबाडी होऊ नये म्हणून तसा नियम होता. डाव संपेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही, बोलायचं नाही, खोलीत दुसरं माणूस आलेलं चालायचं नाही. कुणी आलं की डाव बाद.

"अक्का, आलंय गं," ती पडद्याकडं बघत म्हणाली. "लाल दिसायचं तिथं हिरवं दिसतंय. एकदम घट्ट."

"वायर आहे. जाते कुठं?"

"पाव्हणे आलेत आणि डबी बंद केली, असं करू नका हां."

"तात्यांना तीनदा सांगितलंय मी. डबीला हात लावायचा नाही. चौथ्यांदा सांगू?"

"सांग की," ती म्हणाली. हसली नाही.

मी चौथ्यांदा सांगितलं. तात्या आरशासमोर टोपी बसवत होते. "कळलं गं बाई," ते म्हणाले. "मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

चारच्या आधीच चौगुले आले. आप्पासाहेब भारदस्त, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला रुमाल लावलेला. त्यांच्या मागं काकू, मग लग्न झालेली मुलगी श्रद्धा आणि शेवटी अभिनंदन. दिसायला बरा होता, खोटं कशाला बोलू? बूट काढताना त्यानं वडिलांच्या चपलाही सरळ लावून ठेवल्या, तेव्हा मला ते आवडलंसुद्धा.

आप्पासाहेब सोफ्याच्या उजव्या टोकाला बसले, म्हणजे शोकेसच्या आणि बोर्डाच्या अगदी हाताशी. त्या बोर्डावर दोनच सॉकेट होती. एकात नेटच्या डबीचा प्लग, दुसऱ्यात उभ्या पंख्याचा. हा पंखा शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. वरचा पंखा होताच, पण एप्रिलचा उन्हाळा आणि पाहुणे मोठे, म्हणून हा जादा.

मी हिरवं इरकल नेसून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. समोरच्या खुर्चीवर मला बसवलं होतं. तिथून बोर्ड, डबी आणि डबीवरचे तीन हिरवे दिवे सरळ दिसत होते. खरं सांगायचं तर मी मुलाकडं कमी आणि त्या दिव्यांकडं जास्त बघत होते.

"वाय-फाय आहे ना हो?" श्रद्धानं बसता बसता विचारलं. "आमच्या ह्यांना पुण्यात व्हिडिओवर दाखवायचं होतं."

"आहे की, आहे की," तात्या म्हणाले आणि पासवर्ड सांगायला लागले. तो त्यांना पाठ नव्हता. माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितला. न सांगून करते काय? श्रद्धानं घातला, अभिनंदननं घातला, काकूंच्या फोनमध्येही श्रद्धानंच घातला. पुण्याहून जावई दिसायला लागले, काकूंच्या फोनवर कुणीतरी प्रवचन पाठवलं तेही चालू झालं. मी मनात म्हटलं, बरं झालं वायर टाकली. हे सगळे वाय-फायवर तुटून पडलेले, वायर नसती तर आत चंदाच्या वाट्याला काय उरलं असतं?

श्रद्धा उठून मला फोनवर दाखवायला आली तशी तिचा पाय सतरंजीवरच्या उंचवट्यावर पडला.

"अगंबाई, खाली काय आहे?"

"फरशी वर आलीय जरा," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. माझ्या आईनं जन्मात मारलेली ती पहिली थाप असावी. आणि एवढ्या सहज!

मग प्रश्न सुरू झाले. लॅबमध्ये काय काम असतं? रक्त काढावं लागतं का? लग्नानंतर नोकरी करायची म्हणता, ठीक आहे, पण जयसिंगपूरहून रोज सांगलीला ये-जा? कंदमुळं खाता का? मी उत्तरं देत होते. अभिनंदननं एकदाच विचारलं, "तुम्हाला वाचनाची आवड आहे का?" मी हो म्हणाले. तो परत चहाकडं वळला.

तास झाला, वर थोडा झाला. आतून आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता, पण एवढा वेळ डाव चाललाय म्हणजे चंदा तगून आहे, हे मला कळत होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. काकूंना वाटलं, मुलगी लाजते.

आणि मग आप्पासाहेबांनी खिशातून फोन काढला. "भूपालराव, हा बंद पडायला आलाय. मुंबईचा एक फोन यायचा आहे मला. जरा चार्जिंगला लावता का?" चार्जरही त्यांच्या खिशातच होता.

"द्या की," तात्या उठले.

"स्वयंपाकघरात लावते मी," मी पटकन म्हणाले.

"नको, इथंच हातापाशी असू दे. फोन आला तर उचलायचा आहे."

तात्या बोर्डापाशी गेले. त्यांचा हात आधी पंख्याच्या प्लगकडं गेला. मी बघत होते. त्याच वेळी आप्पासाहेबांनी कॉलरमधला रुमाल काढून मान पुसली आणि म्हणाले, "काय उकाडा आहे हो तुमच्या सांगलीत." तात्यांचा हात पंख्याच्या प्लगवरच थांबला. मग तो बाजूला सरकला आणि त्यांनी दुसरा प्लग काढला.

तीन दिवे एकदम गेले.

मला आधी वाटलं, चुकून झालं. चुकीचा प्लग निघाला, आत्ता लक्षात येईल, आत्ता परत घालतील. तात्यांनी आप्पासाहेबांचा चार्जर त्या जागी बसवला, फोन शोकेसवर नीट ठेवला आणि खुर्चीवर येऊन बसले.

"तात्या," मी म्हणाले. "तो प्लग."

"बघू नंतर."

"नंतर नाही, आत्ता..."

"त्रिशला, काकू काय विचारतायत बघ."

काकू विचारत होत्या की सूर्य मावळल्यावर मी चहा तरी घेते का. मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही. आत चंदाचं घड्याळ चालू होतं. पडद्यावर चाल करता येत नसणार, पटावरचं एक प्यादंही हलत नसणार आणि ती खुर्चीतून उठू शकत नव्हती. ओरडूही शकत नव्हती. दाराकडं बघत बसली असेल, की अक्का बाहेर आहे, अक्का बघेल.

तेवढ्यात श्रद्धा म्हणाली, "अय्या, हे दिसायचेच बंद झाले. नेट गेलं वाटतं तुमचं?"

"जातंय अधनंमधनं," तात्या म्हणाले. "येईल आता."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोर भिंतीवर भगवंतांचा फोटो होता, त्याच्याकडं बघून म्हणाले. तेव्हा मला कळलं. चुकून झालं नव्हतं. कुठला प्लग कशाचा हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मला राग आला. हातातला कप बशीवर आदळला. तरी मी बसून राहिले, थोडा वेळ बसूनच राहिले. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं मध्येच उठायचं नसतं हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पाय हलेनात. मी तात्यांकडं बघत होते. एकदा तरी माझ्याकडं बघतील, डोळ्यानं खूण करतील, 'ऊठ' म्हणतील. ते फोटोकडंच बघत होते.

मी कप खाली ठेवला आणि उठले.

"कुठं निघालीस गं?" काकूंनी विचारलं.

मी बोर्डापाशी गेले. "काका, जरा हात बाजूला घ्या," म्हणाले. आप्पासाहेबांचा चार्जर उपसला आणि डबीचा प्लग जागेवर बसवला.

"अहो, अहो! माझा फोन यायचा आहे!"

"फोन बंद पडणार नाही, काका." मी पंख्याचा प्लग काढला आणि तिथं त्यांचा चार्जर लावला. पंखा घरघरत मंद होत थांबला. एवढंच होतं ते सगळं. तात्यांना सुद्धा एवढंच करता आलं असतं.

डबी मात्र लगेच जागी होईना. एक दिवा लागला, लुकलुकला, गेला. परत लागला. मी तिच्यासमोर पदर खोचून उभी, देवापुढं उभं राहावं तशी. दुसरा दिवा लागला. तिसरा लागायला जो वेळ गेला त्यात मी जेवढे नमोकार म्हटले तेवढे पर्युषणातसुद्धा म्हटले नसतील. लागला एकदाचा.

मी वळले. सगळे माझ्याकडं बघत होते. काकू तोंड उघडं ठेवून, श्रद्धा फोन तसाच हातात धरून, आप्पासाहेब भुवया वर करून, आई दारातून. फक्त दोन माणसं माझ्याकडं बघत नव्हती. तात्या फोटोकडं बघत होते आणि अभिनंदन स्वतःच्या मोज्यांकडं.

"काय भानगड काय आहे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"आत माझी धाकटी बहीण स्पर्धेत खेळतेय. बुद्धिबळ. ह्या डबीतून आत वायर गेलीय. डबी बंद झाली की तिचा डाव जातो."

"घरात बसून खेळतेय ना? मग परत खेळायचा की डाव."

"परत नसतो, काका."

"हे बघा," काकू आईला म्हणाल्या, "मुलगी जरा तापट दिसतेय." आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

मी अभिनंदनकडं बघितलं. त्यानं काही बोलावं अशी अपेक्षा नव्हती, नुसतं वर बघितलं असतं तरी चाललं असतं. तो मोज्यावरचा एक धागा ओढत होता. लहानपणापासून असंच करत आला असणार हे मला दिसलं, आणि म्हातारा झाल्यावर कसा दिसेल हेही दिसलं. त्यासाठी लांब बघायला नको होतं. शेजारच्याच खुर्चीत तात्या बसले होते.

पाहुणे जेवले. उजेड होता तोवर ताटं वाढली गेली, श्रीखंडाला नाही कुणी म्हणालं नाही. आप्पासाहेबांना मुंबईचा फोन आला, तो ते सोफ्यावर बसूनच बोलले. निघताना "कळवतो" म्हणाले. तात्या फाटकापर्यंत सोडायला गेले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे राहिले.

ते परत येऊन बसले, आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

चंदा बाहेर आली. डाव कधीच संपला असणार, पाहुणे जाईपर्यंत ती आतच बसून राहिली होती. केस विस्कटलेले, ओठ चावून चावून लाल.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"बरोबरी."

"म्हणजे हरली न्हाईस," तात्या घाईनं म्हणाले. "चांगलंच की मग."

"एक हत्ती जास्त होता माझ्याकडं," चंदा म्हणाली. ती त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलत होती. "जिंकत होते, अक्का. वेळ कमी होता पण पुरला असता. मग सगळं थांबलं. आलं तेव्हा सेकंदं उरलेली. विचार करायला वेळच नाही, म्हणून नुसते शह देत बसले. तोच शह, तोच शह. पट तीनदा तसाच आला. बरोबरी झाली."

"मग नंबर?"

"पाचवा."

आई येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. तिनं तो बाजूला केला. "वायर होती," ती म्हणाली. "वायर असताना जात नाही. लाइट पण गेली नव्हती, खोलीतला पंखा चालू होता. कुणी काढला प्लग?"

मला तात्यांना वाचवायचं नव्हतं आणि बुडवायचंही नव्हतं. आई माझ्याकडं बघत होती, मी फरशीकडं.

"मी काढला," तात्या म्हणाले.

"तुम्हाला अक्कानं सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझं काय, पुढल्या वर्षी परत असतंय, असं वाटलं मला. अक्काचं वय निघून चाललंय. त्यांचा फोन लावला न्हाई, पंखा बंद केला, आणि तेवढ्यावरनं त्यांचं मन फिरलं, तर?"

"पुढल्या वर्षी मी सोळाची पूर्ण होते, तात्या," चंदा म्हणाली. "मला ह्या गटात घेत नाहीत. माझं पण वय निघून चाललं होतं."

तात्यांना हे माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून कळत होतं. मुलीच्या वयाला एकाच गोष्टीची मुदत असते, असं धरून चाललेले ते. आणि माझ्या मनात मात्र एकच गोष्ट रुतून बसली होती, की हे त्यांनी माझ्यासाठी केलं. माझ्यावरच्या मायेनं. त्या मायेचं आता करायचं काय, मला सुचत नव्हतं. राग धड धरता येईना, धड सोडता येईना.

बाहेर अंधारून आलं होतं. आमच्यापैकी कुणीच जेवलं नव्हतं आणि आता आई तर जेवणार नव्हतीच. ताटं झाकून ठेवलेली तशीच राहिली.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. आप्पासाहेब. तात्या उभे राहून फोन घ्यायचे, मोठ्या माणसाचा असला की. तसे उभे राहिले. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू असे, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू आलं.

"भूपालराव, घरी पोचलो आम्ही. मुलगी पसंत आहे आम्हाला."

आईनं माझा दंड धरला.

"हां, हां," तात्या म्हणाले.

"शिकलेली आहे, घरचं वळण आहे. जरा धीट आहे, ते आम्ही बघून घेतो. फक्त एक करा. ते मध्येच उठून माझा फोन काढणं बरं दिसलं नाही. अभिनंदनच्या आईला लागलंय. मुलीला समज द्या आणि काकूंशी दोन शब्द बोलायला लावा. झालं गेलं विसरून गेलो."

"हां," तात्या म्हणाले. "आप्पासाहेब, तुमचं बरोबर हाय. तिनं उठायला नको होतं."

मी आईचा हात सोडवून घेतला.

"मी उठायला पायजे होतं," तात्या म्हणाले. "मी बसून राहिलो, म्हणून तिला उठावं लागलं. समज तिला काय द्यायची?"

"बरं, ते जाऊ द्या," आप्पासाहेब म्हणाले. "मग बैठक कधी ठेवायची?"

तात्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तो प्लग काढल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी काही विचारलं नाही, पण विचारत होते. मी मान हलवली, नाही म्हणून.

तात्यांनी फोनवरचा हात काढला. "नको, आप्पासाहेब," ते म्हणाले. "न्हाई जमायचं."

"म्हणजे? मुलगी नको म्हणतेय का?"

"न्हाई. मी नको म्हणतोय."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि खुर्चीवर बसले, उन्हातून चालत आलेला माणूस बसतो तसे. आई डोळ्याला पदर लावून आत गेली. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण चंदा आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती.

ती त्यांच्याकडं बघत होती.

"हे दुपारी म्हणायचं होतंत, तात्या," ती म्हणाली.

"व्हय," तात्या म्हणाले.

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.